रिमोट डेस्कटॉपवर ‘मॅक्सिमम नंबर ऑफ क्लायंट्स रीच्ड’ : मर्यादा वाढवायची की जागा अडवणारा शोधायचा?

सिमुलेशनवाली

नमस्कार मंडळी,

चाकणच्या एका कंपनीत मी सीएईचं, म्हणजे संगणकावर सिमुलेशन करून डिझाइन तपासण्याचं काम करते. आमच्या टीमला मिळून एकच मोठं लिनक्स वर्कस्टेशन आहे, भरपूर रॅम आणि चांगलं ग्राफिक्स कार्ड असलेलं. त्याच्यासमोर कोणी बसत नाही. प्रत्येकाचा टायगरव्हीएनसीचा (दूरवरून डेस्कटॉप दाखवणाऱ्या प्रोग्रॅमचा) आपापला डेस्कटॉप आहे, माझ्याचा क्रमांक :३. सिमुलेशनचे निकाल दाखवणारे पॅराव्ह्यूसारखे थ्रीडी प्रोग्रॅम आम्ही व्हर्च्युअलजीएलमधून, म्हणजे व्हीजीएलरन ही आज्ञा लावून चालवतो, म्हणजे त्यांना ग्राफिक्स कार्ड वापरता येतं. घरून काम असलं तरी हेच, फक्त मध्ये व्हीपीएन.

गेले काही महिने असं होतंय की मशीन आठ-दहा दिवस नीट चालतं आणि मग अचानक नवीन काही उघडायला गेलं की ‘मॅक्सिमम नंबर ऑफ क्लायंट्स रीच्ड’ असा निरोप येतो. आधीपासून उघड्या असलेल्या विंडो व्यवस्थित चालत राहतात. रॅम, सीपीयू, डिस्क सगळं निवांत असतं. रीस्टार्ट केलं की पुन्हा सुरळीत.

आयटीवाल्यांनी तोडगा काढलाय, दर शुक्रवारी संध्याकाळी मशीन रीस्टार्ट करायचं. पण आम्ही सिमुलेशनचे लांबलचक रन लावतो ते शनिवार-रविवारच्याच भरवशावर. शुक्रवारी रीस्टार्ट म्हणजे ते सगळे रन मधेच मरणार. मला हे मान्य नाही आणि सोमवारच्या मीटिंगमध्ये मला ठोस काहीतरी सांगायचंय.

ही मर्यादा नक्की कशाची आहे? ती वाढवता येते का? वाढवली तर दुसरीकडे काही बिघडतं का?

---

जालनाकर

ताई, सोपं आहे. एक्स सर्व्हरला, म्हणजे लिनक्सवर विंडो दाखवणाऱ्या प्रोग्रॅमला, डीफॉल्ट २५६ क्लायंट चालतात. एक्सऑर्ग डॉट कॉन्फ फाइलमध्ये सर्व्हरफ्लॅग्ज विभागात ‘मॅक्सक्लायंट्स’ हा ऑप्शन घाला आणि ५१२ लिहा. एकदा रीस्टार्ट. विषय संपला.

---

अनुस्वार

मला यातलं फार कळत नाही, पण २५६ क्लायंट म्हणजे २५६ माणसं का? यांची टीम तर आठ-दहा जणांचीच असेल ना?

---

टर्मिनल_तात्या

@अनुस्वार, प्रश्न अगदी योग्य आहे. इथेच बहुतेकांचा गोंधळ होतो.

एक्स विंडो सिस्टिममध्ये स्क्रीन, कीबोर्ड, माउस ज्याच्या ताब्यात असतो तो सर्व्हर. त्या स्क्रीनवर काढण्यासाठी जो जो प्रोग्रॅम जोडला जातो तो क्लायंट. टर्मिनल एक क्लायंट, विंडो मॅनेजर एक क्लायंट, खालच्या पट्टीतलं घड्याळसुद्धा कधी कधी वेगळा क्लायंट. काही प्रोग्रॅम एकटेच दोन-तीन कनेक्शन उघडतात. साधा डेस्कटॉप नुसता सुरू झाला तरी वीस-तीस कनेक्शन सहज होतात.

आणि व्हीएनसीचा व्ह्यूअर, म्हणजे आपण घरच्या लॅपटॉपवर जो उघडतो तो, यात धरलाच जात नाही. एक्सव्हीएनसी हा प्रोग्रॅम एका बाजूने एक्स सर्व्हर असतो आणि दुसऱ्या बाजूने व्हीएनसी सर्व्हर. बघणारे वाढले म्हणून हा निरोप येत नाही.

@जालनाकर, तुमच्या उपायात एक अडचण आहे. एक्सव्हीएनसी एक्सऑर्ग डॉट कॉन्फ वाचतच नाही. ती फाइल खऱ्या ग्राफिक्स कार्डावर चालणाऱ्या एक्सऑर्गसाठी. व्हीएनसीच्या डेस्कटॉपसाठी मर्यादा वाढवायची तर सुरू करतानाच -मॅक्सक्लायंट्स ५१२ असं द्यावं लागतं, किंवा टायगरव्हीएनसीच्या आपल्या कॉन्फिग फाइलमध्ये मॅक्सक्लायंट्स=५१२ अशी ओळ घालावी लागते. आणि ते सेशन नव्याने सुरू केल्यावरच लागू होतं. चालू सर्व्हरची मर्यादा मधेच बदलता येत नाही.

---

बोरीबंदर

म्हणजे एसटीत रुमाल टाकून जागा अडवतात तसं झालंय बहुतेक. गाडी रिकामी दिसते, पण बसायला जागा नाही!

---

टर्मिनल_तात्या

@बोरीबंदर, तंतोतंत! माणसं खाली चहाच्या टपरीवर, सीटवर रुमाल. आणि माझा अंदाज, इथे एकाच माणसाचे पुष्कळ रुमाल असावेत.

---

जालनाकर

तात्या, एक्सव्हीएनसीचं मान्य. पण मूळ मुद्दा तोच राहतो ना? आकडा वाढवा. २५६ हा काही दगडावर कोरलेला नाही. आमच्याकडे ५१२ करून ठेवलंय आणि आजपर्यंत कुणाची तक्रार नाही. कामाच्या माणसाला गळत्या शोधत बसायला वेळ कुठे असतो?

---

टर्मिनल_तात्या

आकडा वाढवू नका असं मी म्हणत नाही. पण तो फुकट वाढत नाही, एवढं माहीत असू द्या.

एक्स प्रोटोकॉलमध्ये प्रत्येक वस्तूला, म्हणजे विंडो, पिक्समॅप, फॉन्ट, ग्राफिक्स कॉन्टेक्स्ट यांना ३२ बिटांचा क्रमांक असतो. त्यातले वरचे तीन बिट कायम शून्य, म्हणजे वापरायला उरले २९. या २९ बिटांतच ‘कोणत्या क्लायंटची वस्तू’ आणि ‘त्या क्लायंटची कितवी वस्तू’ दोन्ही बसवायचं. २५६ क्लायंटना ८ बिट दिले की उरतात २१, म्हणजे एका क्लायंटला २०,९७,१५२ क्रमांक. ५१२ केले की १०,४८,५७६. नव्या आवृत्त्यांत २०४८ पर्यंत जाता येतं, पण मग एका क्लायंटच्या वाट्याला २,६२,१४४ च येतात.

५१२ ला कुणाला त्रास होईल असं मला वाटत नाही. दहा लाख क्रमांक पुष्कळ झाले, शिवाय वापरून सोडलेले क्रमांक परत मिळवायचीही सोय आहे. एक्सऑर्ग १.१८ पासून हा आकडा सुरू करताना बदलता येतो, त्याआधी सर्व्हर नव्याने कंपाइल करावा लागायचा. पण जागा अडवणारा प्रोग्रॅम तसाच राहिला तर ५१२ सुद्धा भरणार. फरक एवढाच, दहाव्या दिवशी पडायचं ते विसाव्या दिवशी पडेल. सिमुलेशनवाली ताईंचा शनिवार-रविवार वाचेल, पण महिनाअखेरचा रन मरेल.

आणखी एक. प्रत्येक कनेक्शन म्हणजे सर्व्हरसाठी किमान एक फाइल डिस्क्रिप्टर, म्हणजे उघड्या फाइलला किंवा कनेक्शनला मिळणारा क्रमांक. बऱ्याच ठिकाणी प्रोसेसची मर्यादा १०२४ असते. मॅक्सक्लायंट्स खूप वर नेलं तर तिकडेही बघा.

---

खोडदची_पोर

ताई, माझी अडचण थोडी वेगळी आहे, पण याच घरातली वाटते म्हणून इथेच विचारते.

मी खगोलशास्त्रात पीएचडी करतेय. संस्थेच्या सर्व्हरवर एसएसएच -एक्सने (दूरच्या मशीनवर लॉगिन करून तिथल्या विंडो आपल्या स्क्रीनवर आणणारी आज्ञा) जाऊन डीएस९ मध्ये प्रतिमा बघते. सकाळी लॉगिन केलं की सगळं उघडतं. थोड्या वेळाने दुसरी प्रतिमा उघडायला गेलं की ‘कॅनॉट ओपन डिस्प्ले’. पहिली विंडो मात्र चालू असते. तिच्यात झूम होतं, रंग बदलतात, सगळं होतं. एसएसएचमधून बाहेर पडून परत आलं की पुन्हा थोडा वेळ चालतं. माझ्या शेजारचा मुलगा उबुंटू वापरतो, त्याला हे कधीच होत नाही. माझी पण क्लायंटची मर्यादा भरतेय का?

---

कोकणकडा

@खोडदची_पोर, मर्यादा आहे, पण संख्येची नाही, वेळेची.

एसएसएच -एक्स म्हणजे ‘अविश्वासू’ फॉरवर्डिंग. त्यासाठी क्लायंटच्या बाजूला फॉरवर्डएक्स११टाइमआउट नावाची सेटिंग असते, डीफॉल्ट २० मिनिटं. ती उलटली की जुनी कनेक्शन तशीच राहतात, पण नवीन घेतली जात नाहीत. तुझं वर्णन याच्याशी जुळतं : जुनी विंडो जिवंत, नवीन नाही, परत लॉगिन केलं की ठीक.

उबुंटू आणि डेबियनवाले आपल्या एसएसएचमध्ये विश्वासू फॉरवर्डिंग डीफॉल्टच चालू ठेवतात, त्यामुळे त्यांच्याकडे -एक्स आणि -वाय (विश्वासू फॉरवर्डिंगचा पर्याय) सारखंच वागतं. म्हणून शेजाऱ्याला त्रास नाही.

घड्याळ लावून बघ. लॉगिननंतर वीस मिनिटांच्या आत नवीन विंडो उघडते आणि नंतर नाही, असं झालं तर नक्की हेच. टर्मिनलवर ‘रिजेक्टेड एक्स११ कनेक्शन’ने सुरू होणारी ओळही दिसायला हवी.

---

खोडदची_पोर

दिसते! ती ओळ मी कायम बघायचे, पण ती मधेच डीएस९ च्या बाकीच्या निरोपांत मिसळून यायची. म्हणजे -वाय वापरू का?

---

लॅबवाले_सर

आमच्या कॉलेजच्या लॅबचा अनुभव सांगतो. तिथे एक्सआरडीपी आहे. विद्यार्थी हॉस्टेलवरून विंडोजच्या रिमोट डेस्कटॉपने लिनक्सवर येतात. सत्र सुरू झालं की दोन-तीन आठवड्यांत नवीन मुलांना लॉगिनच मिळेना.

तिथे मर्यादा वेगळी निघाली. एक्सआरडीपीच्या सेसमन डॉट आयएनआय फाइलमध्ये मॅक्ससेशन्स असतं, डीफॉल्ट ५०. मुलं काम झाल्यावर लॉगआउट करत नाहीत, वरच्या कोपऱ्यातली फुली दाबतात. फुली दाबली की सेशन संपत नाही, नुसतं तुटतं आणि आत चालूच राहतं. अशी पन्नास झाली की एक्कावन्नाव्या मुलाला दार बंद.

त्याच फाइलमध्ये किलडिसकनेक्टेड आणि डिसकनेक्टेडटाइमलिमिट आहेत. मी तुटलेल्या सेशनला काही तासांची मुदत देऊन ते चालू केलं. लगेच करू नका, कारण रात्रीतून वायफाय गेलं म्हणून एखाद्या पोराचा प्रोजेक्ट उडायला नको. आणि हे एक्सऑर्गच्या बॅकएंडवर चालतं. एक्सव्हीएनसी बॅकएंड असेल तर त्याचं स्वतःचं मॅक्सडिसकनेक्शनटाइम वापरावं लागतं.

सिमुलेशनवाली ताई, तुमच्याकडे सुटीवर गेलेल्यांची सेशन चालू राहतात का, हे एकदा बघा.

---

वाशीकर

आमच्याकडे ‘टू मेनी सिक्युरिटी फेल्युअर्स’ येतं. ही पण तीच कनेक्शनची मर्यादा का? सगळ्यांना एकदमच येतं.

---

कोकणकडा

@वाशीकर, नाही. ही टायगरव्हीएनसीची काळी यादी. एकाच पत्त्यावरून सलग पाच वेळा चुकीचा पासवर्ड पडला की तो पत्ता आधी १० सेकंद बंद, मग पुढच्या प्रत्येक वेळी मुदत दुप्पट.

सगळ्यांना एकदम येतं, यावरून वाटतं की तुम्ही सगळे एसएसएच टनेलमधून, म्हणजे आधी मशीनला एसएसएचने जोडून त्यातूनच व्हीएनसीकडे, येत असाल. तसं असेल तर व्हीएनसीला प्रत्येक जण १२७.०.०.१ वरूनच आलेला दिसतो. एकाने पासवर्ड चुकवला की शिक्षा सगळ्यांना. टनेल नसेल आणि ५९०१ पोर्ट थेट इंटरनेटवर उघडा असेल, तर तो आजच बंद करा. बाहेरचे बॉट रात्रंदिवस असे पोर्ट ठोठावत असतात.

---

मिशिगनचा_मधू

सिमुलेशनवाली, मी इकडे डेट्रॉइटजवळ याच प्रकारचं काम करतो, म्हणून एक नेमका प्रश्न.

निरोप येतो तेव्हा साधा टर्मिनल उघडतो का? एक्सटर्म, फाइल मॅनेजर, कॅल्क्युलेटर, काहीही थ्रीडी नसलेलं. तू ‘नवीन काही’ असं लिहिलंयस. ते खरंच सगळं आहे, की फक्त व्हीजीएलरन लावलेलंच?

---

सिमुलेशनवाली

मधूदादा, तुमचा प्रश्न वाचून आज मुद्दाम तपासलं, कारण आज सकाळपासून मशीन पुन्हा त्याच अवस्थेत आहे. टर्मिनल उघडतो. फाइल मॅनेजर उघडतो. फायरफॉक्सही उघडतो. पॅराव्ह्यू आणि आमचा मेशर (मॉडेलची जाळी बनवणारा प्रोग्रॅम) उघडत नाही. आणि नीट बघितलं तर निरोपाची ओळ अशी आहे : ‘मॅक्सिमम नंबर ऑफ क्लायंट्स रीच्ड’ आणि त्याला चिकटूनच, मध्ये जागा न सोडता, ‘व्हीजीएल एरर : कुड नॉट ओपन डिस्प्ले :०’.

डिस्प्ले :०? माझा तर :३ आहे.

---

मिशिगनचा_मधू

तिथेच उत्तर आहे. (आणि ओळी चिकटून येतात ते नेहमीचंच. सर्व्हरचा निरोप शेवटी नवीन ओळ न घेताच छापला जातो, त्यामुळे पुढचा प्रोग्रॅम काय म्हणतोय ते त्यात हरवतं.)

तुमच्या मशीनवर एक्स सर्व्हर पुष्कळ आहेत. :१, :२, :३ हे प्रत्येकाचे एक्सव्हीएनसी. त्यांच्याकडे ग्राफिक्स कार्ड नाही, ते मेमरीतच चित्र काढतात. आणि एक :०, खऱ्या ग्राफिक्स कार्डावर बसलेला एक्सऑर्ग, जो मॉनिटर नसला तरी चालू असतो. व्हीजीएलरन लावलेला प्रोग्रॅम दोन ठिकाणी जोडला जातो. विंडो आणि माउससाठी तुझ्या :३ ला, आणि थ्रीडी रेंडरिंगसाठी :० ला. कार्डावर तयार झालेलं चित्र व्हर्च्युअलजीएल वाचून घेतं आणि :३ वर ठेवतं.

तुमचे डेस्कटॉप वेगवेगळे आहेत, पण :० सगळ्यांचा मिळून एकच. प्रत्येकाचे तीसएक थ्रीडी प्रोग्रॅम उघडे राहिले तरी आपापल्या डेस्कटॉपवर ते काहीच नाहीत. पण आठ-नऊ जणांचे तीस म्हणजे २५६ संपले. त्यामुळे कुणा एकाकडे बघून काही सापडणार नाही.

तात्या, तुमच्या रुमालवाल्या सिद्धांतात थोडी सुधारणा. रुमाल एकाचे पुष्कळ नाहीत, सगळ्यांचे थोडे थोडे आहेत.

---

टर्मिनल_तात्या

मधू, सुधारणा मनापासून मान्य. तो नेमका प्रश्न विचारलास म्हणून वाट सापडली.

ताई, आता मोजून घ्या. रीस्टार्ट करू नका, पुरावा जाईल. क्लायंटची यादी दाखवणारे एक्सरेसटॉप किंवा एक्सएलएसक्लायंट्स :० वर चालवू नका, कारण ते स्वतःच क्लायंट आहेत, त्यांनाही जागा मिळणार नाही. (आणि एक्सएलएसक्लायंट्स विंडो असलेलेच दाखवतं, विंडोविना जागा अडवणारे त्याला दिसत नाहीत.) एसएसएचने आत जा, रूट अधिकार घ्या आणि एसएस -एक्सपी ही सॉकेटची, म्हणजे प्रोग्रॅममधल्या जोडण्यांची, यादी देणारी आज्ञा चालवा. त्यात एक्स११-युनिक्स/एक्स० असलेल्या ओळी मोजा. मग तेच एक्स१, एक्स२, एक्स३ साठी.

मग प्रत्येक एक्स० च्या ओळीत पलीकडच्या टोकाचा आकडा असतो, तो घ्या. तोच आकडा दुसऱ्या एखाद्या ओळीत अलीकडच्या बाजूला सापडेल. त्या ओळीच्या शेवटी प्रोसेसचं नाव आणि पीआयडी, म्हणजे तिचा क्रमांक. एलएसओएफ -यू ने नावानुसार मोजणीही होते आणि ती पटकन होते, पण त्यात डीबसचेही (प्रोग्रॅम एकमेकांना निरोप देतात त्या सेवेचेही) सॉकेट येतात, म्हणून ती नुसती दिशा दाखवते एवढंच धरा.

---

जालनाकर

:० असेल तर मग माझी एक्सऑर्ग डॉट कॉन्फ चालेल ना? तो तर खरा एक्सऑर्ग आहे.

---

टर्मिनल_तात्या

हो जालनाकर, :० साठी तुमचा उपाय अगदी बरोबर बसतो. :० आज रात्री वाचवायचा असेल तर तोच करावा लागेल. फक्त त्यासाठी :० रीस्टार्ट करावा लागेल, आणि त्याला जोडलेला प्रत्येक थ्रीडी प्रोग्रॅम त्यात जाईल. सॉल्व्हर, म्हणजे रनचं गणित करणारे प्रोग्रॅम, मात्र वाचतील, ते एक्सला जोडलेले नसतील तर. मशीन रीस्टार्ट करायची गरज नाही, हे तुमच्या आयटीला ठासून सांगा.

---

पाटणकर_पायथन

गळतीचा माझा अनुभव थोडा वेगळा आहे, पण उपयोगी पडेल.

आमच्याकडे व्हीटीकेची (थ्रीडी चित्रं काढणाऱ्या लायब्ररीची) एक पायथन स्क्रिप्ट दिवसभर चालायची आणि दर काही मिनिटांनी एक चित्र काढून फोल्डरमध्ये ठेवायची. लिनक्सवर व्हीटीकेच्या रेंडर विंडोला तुम्ही डिस्प्ले दिला नाही तर ती स्वतःचं नवं एक्स कनेक्शन उघडते आणि विंडो नष्ट होताना बंद करते. ज्याने स्क्रिप्ट लिहिली त्याने प्रत्येक रेंडर विंडो एका लिस्टमध्ये जपून ठेवली होती, पुढे कधी लागेल म्हणून. विंडो नष्ट होत नव्हत्या, कनेक्शन सुटत नव्हतं. संध्याकाळपर्यंत डिस्प्ले भरलेला. फायनलाइझ करून लिस्टमधून काढायला लागल्यावर प्रश्न मिटला.

यावरून एक खूण सांगतो. झटपट सुरू होऊन संपणारी स्क्रिप्ट कनेक्शन गळवू शकत नाही. प्रोसेस संपली की कर्नल तिचे सॉकेट बंद करतोच. म्हणजे गळती शोधायची ती दीर्घकाळ जगणाऱ्या प्रोसेसमध्ये.

आणि नुसती चित्रं काढायची असतील तर एक्स हवाच कशाला? पॅराव्ह्यूचं स्क्रिप्टने चालणारं पीव्हीबॅच ईजीएल किंवा ओएसमेसाच्या (दोन्ही एक्सशिवाय रेंडर करायच्या पद्धती) बिल्डने चालवा, डिस्प्लेच लागत नाही.

---

सिमुलेशनवाली

मोजलं. आमच्या आयटीतल्या एका मुलाने शेजारी बसून मदत केली, त्याला हे सगळं वाचायलाही दिलं.

माझा :३ तिशीत. बाकीच्यांचे पंचवीस ते पन्नासच्या मध्ये. आणि :० काठोकाठ भरलेला.

मग तात्यांनी सांगितलं तसं आकड्याला आकडा जुळवत गेलो. :० वरची बहुतेक कनेक्शन एकाच नावाच्या प्रोसेसची निघाली, पण वेगवेगळ्या लोकांची आणि वेगवेगळ्या पीआयडींची. आम्ही रन लावला की त्याच्यासोबत एक छोटी विंडो उघडते. त्यात प्रवाहाचं थ्रीडी चित्र रन पुढे सरकेल तसं बदलत जातं. ती व्हीजीएलरननेच सुरू होते. रन संपला की ती आपोआप बंद होत नाही, शेवटचं चित्र दाखवत तशीच राहते. लोक ती खाली लपवतात आणि पुढचा रन लावतात. लपवलेली दिसत नाही, पण :० वरची जागा धरूनच असते. दोघं जण तर सध्या कंपनीत नाहीत, एक परदेशात आणि एक रजेवर. त्यांचे डेस्कटॉप चालूच आहेत आणि त्यांत या विंडोंची रांग.

ज्यांचे रन संपलेत त्यांना फोन करून विचारलं, त्यांच्या होकारानंतर त्या विंडो बंद केल्या. :० लगेच निम्म्याखाली आला आणि पॅराव्ह्यू उघडलं. काहीही रीस्टार्ट न करता!

आता पुढचा प्रश्न. हे पुन्हा होऊ नये म्हणून काय करू?

---

बोरीबंदर

ताई, अभिनंदन! गाडी न थांबवता सगळे रुमाल गोळा केलेत.

---

मिशिगनचा_मधू

वा! फोन करून, विचारून बंद केलंस हे फार बरं केलंस. दुसऱ्याची प्रोसेस न विचारता मारली की लोकांचा विश्वास जातो आणि मग कुणी खरं सांगत नाही.

पुढचं काम दोन भागांत कर. पहिलं, ती छोटी विंडो ज्या स्क्रिप्टमधून सुरू होते तिथेच, रन संपल्यावर शेवटचं चित्र फाइलमध्ये साठवून विंडो बंद होईल असं करून घे. लोकांना शेवटचं चित्र हवं असतं म्हणून ते विंडो ठेवतात. चित्र फोल्डरमध्ये मिळालं तर कुणाची हरकत नसेल.

दुसरं, आणि हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं : व्हर्च्युअलजीएलची आवृत्ती बघ. ३.० पासून, म्हणजे २०२१ पासून, त्यात ईजीएल बॅकएंड आहे. व्हीजीएलरन -डी ईजीएल असं दिलं की प्रोग्रॅम थेट ग्राफिक्स कार्डाच्या डिव्हाइसवर रेंडर करतो. :० मधे येतच नाही. मग :० भरण्याचा प्रश्नच उरत नाही. व्हीजीएलसर्व्हर_कॉन्फिग पुन्हा चालवून त्या डिव्हाइसची परवानगी द्यावी लागेल. काही जुन्या प्रोग्रॅम्सना ईजीएलवर सगळी वैशिष्ट्यं मिळत नाहीत, म्हणून तुमचा मेशर आधी एकट्यावर तपास, मग सगळ्यांना दे.

आणि कुणी आख्खा डेस्कटॉपच व्हीजीएलरनखाली चालवत असेल तर ते बंद करायला सांग. ज्या प्रोग्रॅमला थ्रीडी लागतं, त्यालाच लावावं.

---

जालनाकर

मी माझ्या मतावर थोडा ठाम आहे. हे सगळं करा, पण :० ला ५१२ सुद्धा देऊन ठेवा. शोध घेणारी ताईंसारखी व्यक्ती प्रत्येक टीममध्ये नसते. त्या उद्या दुसऱ्या कंपनीत गेल्या तर मशीन परत शुक्रवारच्या रीस्टार्टवर येईल. थोडी मोकळी जागा असलेली बरी, म्हणजे कळायला आणि सावरायला वेळ मिळतो.

---

टर्मिनल_तात्या

हे मला पटतं. फक्त सोबत एक छोटी क्रॉन (ठरल्या वेळी आपोआप चालणारी) स्क्रिप्ट लावा, तासातासाला एक्स० च्या ओळी मोजून दोनशेच्या वर गेल्या की आयटीला मेल करणारी. मोजायला एक्स कनेक्शन लागत नाही, त्यामुळे मर्यादा भरल्यावरही ती चालते.

---

नवं_ते_सोनं

वेलँडवर, म्हणजे एक्सच्या जागी आलेल्या नव्या पद्धतीवर, गेलात की हे सगळं संपेल. एक्स ११ ही १९८७ ची गोष्ट आहे, किती दिवस ओढायची?

---

मिशिगनचा_मधू

@नवं_ते_सोनं, वेलँड चांगलंच आहे, पण यांच्या कामात इतक्यात सुटका नाही. वेलँडवर जुने प्रोग्रॅम चालतात ते एक्सवेलँडमधून, आणि तोही एक एक्स सर्व्हरच, त्यालाही मॅक्सक्लायंट्स आहे. सीएईचे बरेच प्रोग्रॅम अजून एक्सवरच आहेत. दूरवरून एखादी विंडो हवी असेल तर वेपाइप वापरून बघण्यासारखं आहे.

---

सिमुलेशनवाली

सोमवारची मीटिंग झाली. शुक्रवारचा रीस्टार्ट रद्द झाला. :० ला ५१२ दिलंय (जालनाकर, तुमचं ऐकलं), क्रॉनची मोजणी लागली आहे आणि छोटी विंडो आता शेवटचं चित्र साठवून स्वतः बंद होते. ईजीएलवर पॅराव्ह्यू व्यवस्थित चाललं, माझ्या डोळ्यांना तरी वेगात काही फरक दिसला नाही. मेशरला मात्र जमलं नाही, निवड करायला गेलं की काळी विंडो येते. त्यामुळे तो अजून :० वरच ठेवलाय. रजेवरच्यांसाठी एक्सव्हीएनसीला मॅक्सडिसकनेक्शनटाइम लावायचं का यावर टीममध्ये अजून एकमत नाही. मी विरोधात आहे. डेस्कटॉप तसाच मिळतो म्हणून तर आपण व्हीएनसी वापरतो.

सगळ्यांचे मनापासून आभार.

---

खोडदची_पोर

ताई, अभिनंदन! माझा -वायचा प्रश्न मधेच राहिला. कोकणकडा, वापरू ना?

---

कोकणकडा

संस्थेच्या सर्व्हरवर तुझा भरवसा असेल तर वापर. पण लक्षात ठेव, -वायने त्या सर्व्हरवरचा प्रोग्रॅम तुझ्या स्क्रीनवरच्या इतर विंडोंमधलं टायपिंगही वाचू शकतो. बँकेचा पासवर्ड टाकताना ते एसएसएच बंद ठेव. किंवा -एक्सच ठेव आणि तुझ्या लॅपटॉपवरच्या एसएसएचच्या कॉन्फिगमध्ये त्या एका सर्व्हरपुरता टाइमआउट ८ तास कर. मी स्वतः दुसरं करतो. मात्र काही प्रोग्रॅम -एक्सखाली अडखळतात, डीएस९ चं तू एकदा चालवून बघ आणि इथे कळव.